राग स्वीकारतेय, तरी तो जात का नाही?

तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. थोडक्यात तो असा, की वडिलांच्या आजारपणात सगळी धावपळ तुमच्या एकटीवर पडली, भाऊ लांबून फोनवर सूचना देत राहिला, आणि वडील गेल्यावर सगळ्यांसमोर "आम्ही काही कमी केलं नाही" असं म्हणाला. तेव्हापासून त्याचं नाव फोनवर दिसलं तरी तुमच्या छातीत जाळ होतो. गेले ८ महिने तुम्ही रोज रात्री २० मिनिटं डोळे मिटून बसता, "मी माझा राग स्वीकारते" असं मनात म्हणता, आणि उठून बघता तर राग तिथल्या तिथेच. वर सख्ख्या भावावर एवढा राग येतो याचा गिल्ट. तुम्ही विचारलंय, माझं काय चुकतंय, आणि स्वीकारायचं म्हणजे तो वागला ते बरोबरच होतं असं मानायचं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते सरळ आहे. नाही, अजिबात नाही. स्वीकार भावनेचा करायचा असतो, भावाच्या वागण्याचा नाही. "माझ्या छातीत आत्ता राग आहे" हे मान्य करणं वेगळं आणि "त्याने केलं ते ठीक होतं" म्हणणं वेगळं. लहानपणापासून "जाऊ दे, मोठं मन कर" हेच कानावर पडलेलं असतं त्यामुळे स्वीकार म्हटलं की आपल्याला माफीच आठवते. माफ करायचं का, कधी करायचं, की करायचंच नाही, हा तुमचा वेगळा निर्णय आहे आणि त्याची कसलीही घाई नाही.

आता पहिला प्रश्न. मी १६ वर्षं समुपदेशनाचं काम करतेय आणि "स्वीकारतेय तरी जात नाही" हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की माझं लक्ष लगेच त्यातल्या "जात नाही" या दोन शब्दांकडे जातं. तुम्ही २० मिनिटं बसता ते कशासाठी, तर राग जावा म्हणून. उठल्यावर पहिलं काम काय, तर गेला का ते बघणं. म्हणजे एखाद्याला "सांग, ऐकतेय मी" म्हणायचं आणि सगळा वेळ तो कधी एकदाचा गप्प बसतो याची वाट बघायची, तसं झालं हे. समोरच्याला ते कळतं आणि तो आवाज आणखी चढवतो. तुम्ही रागाशी भांडणं थांबवलेलं नाहीये, फक्त भांडायची पद्धत बदललीये. हे मी दोष द्यायला म्हणत नाहीये, जवळजवळ प्रत्येकजण याच दारातून आत येतो.

असं का होतं त्याचा एक साधा पण फार बोलका प्रयोग आहे. १९८७ साली डॅनियल वेगनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना सांगितलं की ५ मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर समोरची घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, सरासरी मिनिटाला एकापेक्षा जास्त. पण त्याहून महत्त्वाचं पुढे झालं. नंतर त्याच लोकांना सांगितलं की आता खुशाल अस्वलाचा विचार करा, तर ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं, ज्यांना पहिल्यापासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही जास्त. यावर वेगनरचं म्हणणं असं की एखादी गोष्ट मनात नाहीये ना हे तपासायला मनाला ती गोष्ट कायम समोर धरून ठेवावी लागते, नाहीतर तपासणार कशाशी? तुमचं "गेला का राग?" हे असंच तपासणं आहे. दिवसातून दहा वेळा तपासलंत तर दहा वेळा तुम्हीच त्याला हाक मारून बोलावलंत.

मी स्वतः यातून गेलेय म्हणून सांगते. माझे बाबा गेले तेव्हा मी या कामात मुरलेली होते, दिवसभर लोकांना त्यांच्या दुःखासोबत बसायला शिकवत होते, आणि रात्री माझ्या गळ्याशी काहीतरी घट्ट अडकून बसायचं. मग मी रीतसर श्वासावर लक्ष, गळ्याकडे लक्ष, "असू दे, असू दे" असं रोज करायचे. सहा-सात आठवडे झाले, काही फरक नाही. माझ्या सीनियर मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तू असू दे म्हणतेस, पण ते उद्याही असलं तर चालेल का तुला?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री बाबांच्या चष्म्याचं घर कपाटातून काढलं, ते उघडताना खट्ट असा एक आवाज यायचा, तो आला आणि मी खूप वेळ रडले, आणि पहिल्यांदाच ते रडणं संपवायची मला घाई नव्हती. गळ्यातलं ते घट्ट त्यानंतरही कित्येक महिने येत-जात होतं. फक्त त्याच्यावर माझा पहारा राहिला नव्हता.

तर मॅडमचा तोच प्रश्न तुम्हाला विचारते. हा राग उद्याही असला तर चालेल का? "नाही, नाही चालणार" असं आतून आलं तर तेही खरं उत्तर आहे, आणि मग आधी त्या "नाही"चाच स्वीकार करायचा. रागाकडे जायच्या आधी. मला हा राग नकोय, मी कंटाळलेय याला, ८ महिने झाले. हे प्रामाणिकपणे म्हणणं त्या "मी माझा राग स्वीकारते"पेक्षा कितीतरी जास्त स्वीकार आहे.

आता मग स्वीकाराने होतं तरी काय, राग कमी होणारच नसेल तर करायचं कशाला? इथे मला एक अभ्यास सांगायचाय जो मी जवळजवळ प्रत्येक क्लायंटला सांगते. २००४ मध्ये पॅनिक डिसऑर्डर असलेल्या ६० लोकांना १५ मिनिटं ५.५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा श्वासातून दिली, त्याने धाप लागते, छाती धडधडते, अगदी पॅनिक अटॅक आल्यासारखं वाटतं. त्याआधी १० मिनिटं त्यांना एक रेकॉर्डिंग ऐकवलं होतं, काहींना भावना दाबायला सांगणारं, काहींना भावना आहे तशी असू द्यायला सांगणारं, काहींना असंच दुसऱ्याच विषयावरचं. शरीराची मोजमापं आणि पॅनिकची लक्षणं यात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. छाती सगळ्यांचीच धडधडली. पण असू द्यायला शिकलेल्या लोकांना त्या धडधडीची भीती कमी वाटली, आणि "परत एकदा कराल का?" असं विचारल्यावर ते बाकीच्यांपेक्षा जास्त तयार होते.

या "तयार" शब्दापाशी थोडं थांबा. स्टीव्हन हेज यांनी स्वीकारावर उभी असलेली जी थेरपी मांडली त्यातही सगळा भर याच तयारीवर आहे. छातीत जाळ असताना, तो असूनसुद्धा, मी फोन उचलू शकते का, भाचीच्या वाढदिवसाला जाऊ शकते का, वडिलांचे फोटो बघू शकते का. राग किती कमी झाला हे मोजू नका. रागामुळे तुमचं जगणं किती आक्रसलं होतं आणि आता किती मोकळं झालं हे मोजा. आणि गंमत नाही, मनापासून सांगते, पुष्कळदा राग निवतोसुद्धा, पण तो निवावा म्हणून केलं की निवत नाही.

गिल्टबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं कारण मला वाटतं तुमचा खरा त्रास तिथे जास्त आहे. राग ही पहिली भावना. "एवढा राग येतो म्हणजे मी वाईट बहीण" हा त्यावर चढलेला दुसरा थर. पहिली भावना घटनेतून येते, दुसरी आपण स्वतःवर चालवलेल्या खटल्यातून. रागाची लाट जर तिला वाटेत कोणी अडवलं नाही तर चढते आणि उतरते, काही मिनिटांत शरीर बऱ्यापैकी खाली येतं. पण गिल्ट त्या रागाला परत कोर्टात उभं करतो, पुरावे मागतो, मग तुम्ही स्वतःच्या बचावासाठी भावाचे सगळे गुन्हे पहिल्यापासून आठवता, आणि ते आठवलं की राग परत ताजा. ही चक्की रात्रभर चालू शकते. म्हणून रात्री बसाल तेव्हा आधी विचारा, आत्ता मी कशासोबत बसलेय, रागासोबत की गिल्टसोबत?

आणखी एक घोळ जो तुमच्या वर्णनात मला दिसला. तुम्ही लिहिलंय की बसल्यावर "सगळं परत डोळ्यासमोरून जातं, तो असं का वागला याचा विचार करत राहते". हा स्वीकार नव्हे, हे घोकणं आहे. त्याने मन मोकळं होत नाही, उलट उदासी लांबत जाते, हे सुझन नोलेन-होक्सेमा यांनी वर्षानुवर्षं अभ्यासून दाखवलंय. ओळखायची खूण अगदी सोपी आहे. डोक्यात वाक्यं चालू असतील, "का", "कसं काय", "मी त्याला असं म्हणायला हवं होतं", तर तुम्ही भावनेत नाही, भावनेच्या गोष्टीत आहात. छातीत, जबड्यात, पोटात, हातात काहीतरी जाणवतंय आणि त्याला शब्द नाहीयेत, तर तुम्ही भावनेसोबत आहात. गोष्टीतून शरीरात यायचं, परत गोष्ट सुरू होईल, परत शरीरात यायचं, पन्नास वेळा झालं तरी चालेल.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते एका सेशनमधून सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. साधारण तुमच्याच वयाची एक बाई, तिचा राग सासूवर होता. मी म्हटलं, आत्ता कुठे आहे तो? ती म्हणाली डोक्यात. मी म्हटलं, डोक्यात कुठे? मग ती थांबली, आणि तिचा हात आपोआप जबड्यावर गेला. "इथे. दात आवळलेत माझे." मी तिला दात सोडायला सांगितलं नाही. उलट म्हटलं, आवळलेले असू देत, फक्त बघा किती आवळलेत, दोन्ही बाजूंना सारखे की एका बाजूला जास्त? उजवीकडे जास्त, ती म्हणाली. गरम की गार? गरम. कड आहे का त्याला, की पसरत जातंय? ती बघत राहिली, मिनिट-दीड मिनिट काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, "ते गळ्याकडे गेलं." आणि डोळे भरून आले. राग म्हणून सुरू झालेलं ते गळ्यापाशी आलं तेव्हा दुःख होतं, मला कोणी विचारलं नाही याचं दुःख. हे सगळं चार-पाच मिनिटांत झालं. घरी तिला मी २० मिनिटं सांगितली नाहीत, ३ मिनिटं सांगितली, तीही राग आलेला असताना, दिवसभर गेल्यावर रात्री आठवून आठवून नाही.

तुम्हीही ती रात्रीची २० मिनिटं सध्या सोडून द्या असं मी म्हणेन. ध्यान वाईट म्हणून नाही. ती २० मिनिटं आता परीक्षेसारखी झालीयेत आणि रोज तुम्ही त्यात नापास होताय.

नाव देण्याबद्दल. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रागीट, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा दिसलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, कमी पेटतो. साधं नाव दिल्याने. पण नाव नेमकं हवं, आणि इथे मला आपल्या भाषेचा खरंच अभिमान वाटतो कारण तिच्याकडे यासाठी भरपूर शब्द आहेत आणि आपण मात्र "टेन्शन आलंय", "मूड ऑफ आहे" यावर भागवतो. राग वेगळा आणि संताप वेगळा, चिडचिड वेगळी आणि वैताग वेगळा. त्रागा तर फारच वेगळा, त्यात राग दुसऱ्यावर असतो आणि शिक्षा आपण स्वतःला करतो, जेवत नाही, बोलत नाही. धास्ती आणि धाकधूक एक नाहीत. खंत मोठी आणि खोल असते, रुखरुख बारीक असते पण दिवसभर टोचते, चुटपुट त्याहून लहान. तुम्ही "राग" म्हणताय त्यात मला वाचताना संताप थोडा दिसला आणि डावललं गेल्याचं दुःख बरंच दिसलं, आणि वडिलांसाठी अजून काही करता आलं असतं का अशी एक रुखरुखही दिसली. मी चुकत असेन, शरीर तुमचं आहे, तुम्हीच तपासा. योग्य शब्द सापडला की आत काहीतरी "हो, हेच" म्हणून सैल पडतं, तो शब्द धरा.

मग राग आला की काय, बोलायचंच नाही का? बोलायचं. भावना स्वीकारायची म्हणजे तिचा हुकूम पाळायचा असं नाही, आणि तिचं म्हणणं ऐकायचंच नाही असंही नाही. राग बहुतेक वेळा काहीतरी खरं सांगत असतो, इथे अन्याय झाला, इथे माझी कदर झाली नाही. पण तो सांगतो ते खरं असलं तरी तो सुचवतो तो उपाय, म्हणजे रात्री ११ वाजता भलामोठा मेसेज पाठवणं, बहुतेक वेळा चुकीचा असतो. व्यसनांवर काम करणारे अॅलन मार्लाट सिगारेटची तलफ आलेल्या लोकांना शिकवायचे की तलफेशी कुस्ती करू नका, तिच्या मागेही जाऊ नका, लाटेवर तरंगावं तसं ती चढताना आणि उतरताना बघा. मेसेज टाइप करायची उबळ अगदी तशीच असते. ती उतरल्यावरही जे म्हणायचंय ते तेवढंच खरं वाटत असेल तर ते म्हणा, तेव्हा ते दोन ओळींत मावतं.

स्वीकार आणि बदल यातलं एकच निवडायचं असतं असं समजू नका. मार्शा लिनेहन यांनी आत्महत्येच्या टोकाला गेलेल्या लोकांसाठी डीबीटी नावाची उपचारपद्धत उभी केली, ती याच अडचणीतून आली. नुसतं बदला बदला म्हटलं तर लोकांना वाटायचं आमचं दुःख कोणी समजूनच घेत नाही, आणि नुसतं समजून घेतलं तर आयुष्य होतं तिथेच राहायचं. म्हणून दोन्ही एकत्र. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की १७व्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या. त्यांनी ज्याला मुळापासूनचा स्वीकार म्हटलं ते मला म्हणूनच पुस्तकी वाटत नाही. त्या जिथे होत्या तिथे "हे असं व्हायला नको होतं" म्हणत राहण्याने काहीच हललं नसतं. वडील गेले. त्या महिन्यांत तुम्ही एकट्या होतात. हे झालं. हे झालं असं म्हणता आलं की मग पुढचं काय करायचं याला जागा होते, भावाशी बोलणं, अंतर ठेवणं, पैशांचा हिशोब मागणं, काहीही.

काही ठिकाणी मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं. कोणी तुम्हाला आत्ता मारत असेल, धमकावत असेल, तर भीती तिचं काम चोख करतेय, तिच्यासोबत बसू नका, तिथून बाहेर पडा, मदत मागा. जुना भयंकर प्रसंग जसाच्या तसा डोळ्यासमोर उभा राहून भान हरपत असेल तर एकटीने डोळे मिटून आत शिरू नका, डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या वस्तू मोजा, आणि हे काम तज्ज्ञासोबतच करा. आणि दोन आठवडे सलग झोप, भूक उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. असे विचार येत असतील तर वाट बघू नका, आजच कोणाशी तरी बोला, हेल्पलाइनला फोन करा. तुमच्या लिहिण्यात मला हे दिसलं नाही, पण तुम्ही सगळं लिहिलं असेलच असंही नाही.

आता या आठवड्यापुरतं सांगते. भावाचं नाव फोनवर दिसेल तेव्हा लगेच उचलू नका आणि लगेच कटही करू नका. फोन हातात असू दे. छातीतला जाळ कुठून सुरू होतो ते बघा, त्याला नाव द्या, मनातल्या मनात "हो, आहेस तू" एवढं म्हणा. रिंग वाजून वाजून थांबेल, थांबू दे. मग उचलायचा होता की नाही ते ठरवा आणि वाटलं तर परत लावा. आणि रात्री डायरी लिहिता म्हणालात ना, त्यात "आज राग किती होता" हा कॉलम खोडून टाका. त्याऐवजी लिहा, आज राग असताना मी काय काय केलं. पहिल्या दिवशी "केर काढला" एवढंच आलं तरी ते लिहा.